रिकाम्या गोठ्यात घोडी ठेवायची तर

सिंदी (रेल्वे) इथल्या माझ्या ओळखीच्या एका शेतकऱ्याचा गोठा दोन वर्षांपासून रिकामा आहे. बैलजोडी विकली, ट्रॅक्टर भाड्याने येतो, आणि गव्हाणीत आता फवारणीचा पंप नि खताची रिकामी पोती पडलेली असतात. पोळ्याला शेजाऱ्याच्या जोडीला ओवाळायचं आणि दुसऱ्या दिवशी नातवाचा लाकडी बैल घेऊन तान्ह्या पोळ्यात उभं राहायचं, एवढंच बैलाचं कौतुक घरात उरलंय. सिंदीचा तान्हा पोळा पंचक्रोशीत नावाजलेला. शिवाय लाकडी बैलाला कुटार लागत नाही.

गेल्या उन्हाळ्यात नागपूरचा एक माणूस त्याच्याकडे आला. वरातीला घोड्या पुरवण्याचा त्याचा धंदा. शहरात जागेची अडचण, म्हणून दोन घोड्या बाहेर ठेवायच्या होत्या. सिंदी मुंबई-नागपूर लोहमार्गावर, नागपूरपासून सुमारे ५० किलोमीटर. छोट्या टेम्पोत घोडी घालून कार्याच्या दिवशी सकाळी नेता येते. "महिन्याचं काय घ्याल?" असं विचारून तो गेला, आणि आमच्या या शेतकरी गड्याने वहीच्या पानावर हिशेब मांडून मला दाखवला. घोडीमागे चार हजार. "बैलासारखंच नं भाऊ? सकाळी कुटार, संध्याकाळी कुटार, पाणी पाजलं का झालं."

हा हिशेब बैलाचा आहे. घोडीचा वेगळा निघतो, आणि त्याचं मूळ तिच्या पोटात आहे.

बैल रवंथ करतो. तासाभरात पोटभर कुटार ओढून घेतो आणि मग सावलीत बसून निवांत चघळतो. त्याच्या चार कप्प्यांच्या पोटात जाडंभरडं, निकस असं काहीही आधी आंबतं आणि मग पुढे जातं. घोड्याचं पोट एकच आणि शरीराच्या मानाने लहान, जेमतेम दहा-पंधरा लिटरचं. चारा आंबवण्याचं काम पुढे मोठ्या आतड्यात होतं. म्हणून मोकळा सोडलेला घोडा दिवसाचे पंधरा-सोळा तास थोडं थोडं चरत असतो. त्याला ओकता येत नाही, ही आणखी एक अडचण. एकदम जास्त दाणा पोटात गेला किंवा बुरशीचा चारा गेला तर तो बाहेर टाकायची सोयच नाही. पोटशूळ उठतो, घोडा लोळायला लागतो आणि कित्येकदा सकाळपर्यंत मरतो.

आता यातून खर्च कसा निघतो ते पाहा. बैलाला दोन वेळा वैरण टाकून गडी वावरात जाऊ शकतो. घोडीला पहाटे, दुपारी, संध्याकाळी आणि रात्री निजायच्या आधी अशी चार वेळा वैरण घालावी लागते, चंदी दोन-तीन वेळांत वाटून द्यावी लागते. मधल्या वेळेत लीद उचलायची, खरारा करायचा, टापा उकरून बघायच्या, तासभर चालवून आणायचं. म्हणजे पूर्ण वेळचा माणूस आला. जुन्या काळी त्याला मोतद्दार म्हणत. घोडा ठेवण्याचा सगळ्यात मोठा खर्च तोच, आणि आमच्या गड्याने नेमका तोच धरला नव्हता.

चारा-दाण्याचे भाव हंगामागणिक बदलतात, म्हणून आधी मापं सांगतो. घोड्याला रोज वजनाच्या दोन टक्क्यांच्या आसपास कोरडा चारा लागतो. वरातीची देशी घोडी ३५० किलोची धरली तर ७ किलो. काम असेल त्या दिवसांत वर २ किलो चंदी: किलोभर गव्हाचा कोंडा, उरलेल्या किलोत भरडलेला हरभरा आणि जव किंवा जई. मीठ मूठभर. पाणी ३० ते ४० लिटर, आणि पारा ४५च्या वर जाणाऱ्या आपल्या मे महिन्यात त्याहून बरंच जास्त.

सात किलो चारा ऐकायला सोपा वाटतो. पण कसला? आपल्याकडे ज्वारी गेली आणि सोयाबीन आलं, तसा कडबा दुर्मिळ झाला. सोयाबीनचं कुटार ढिगाने मिळतं, पण त्यात धूळ आणि काड्या फार. बैल खातो, घोडीच्या पोटाला आणि श्वासाला ते सोसत नाही. वाळलेलं गवत, कापून घातलेला चांगला कडबा, थोडा गव्हांडा, असं जुळवावं लागतं. हिरवी कोवळी ज्वारी तर नकोच. आणि शेजारच्या दावणीला गाय असेल तर तिच्या ढेपेचं, पशुखाद्याचं पोतं घोडीच्या तोंडापासून लांब ठेवायचं. गुरांच्या काही तयार खाद्यांत मोनेन्सिन नावाचं औषध घातलेलं असतं. गायीला ते मानवतं, घोड्याचं मात्र काळीज बंद पाडतं.

चंदीच्या बाबतीत एक चूक मी इतक्या ठिकाणी पाहिली आहे की ती दाखवण्यासाठी आमच्या गड्याच्या ओट्यावर काटाच मागवला. घरात तेलाचा लिटरभराचा रिकामा डबा होता. तो गव्हाच्या कोंड्याने काठोकाठ भरला आणि तोलला: पाव किलोच्या आसपास. तोच डबा हरभऱ्याने भरला: पाऊण किलोच्या वर. "दोन डबे चंदी" हे वाक्य म्हणजे अर्धा किलो की दीड किलो, हे डब्यात काय आहे त्यावर ठरतं. जिथे घोडे ठेवायला देतात तिथे मालक आणि ठेवणारा यांची निम्मी भांडणं या डब्यावरून होतात. घोडी वाळली तर मालक म्हणतो दाणा खाल्ला. ठेवणारा म्हणतो, रोज दोन डबे मोजून दिले. दोघंही खरं बोलत असतात.

आता आकडे घालू. खालचे भाव मी धरलेले आहेत, तुमच्या बाजारचे तुम्ही घाला. चारा ८ रुपये किलो धरला तर रोजचे ५६. चंदी सरासरी ४० रुपये किलोने ८०. दिवसाला १३६, महिन्याला ४,०८०. म्हणजे आमच्या गड्याचे चार हजार निव्वळ पोटात गेले. खाली अंथरायला भुसा किंवा गव्हांडा, महिना ६००. नालबंदी दीड महिन्याने १,२००, म्हणजे महिना ८००. जंतांचं औषध, धनुर्वाताची लस, मलमपट्टी मिळून सरासरी ५००. इथवर झाले ५,९८०. माणसाला महिना १२,००० दिले आणि एकच घोडी असली तर बेरीज १७,९८०. दोन असल्या तर घोडीमागे ११,९८०. चार असल्या तर ८,९८०.

चारा कोणाचाच कमी झालेला नाही. वाटून गेला तो माणूस. घोडा दुसऱ्याच्या पागेत ठेवायची पद्धत मुळात याचसाठी चालते, आणि एका घोडीसाठी पागा उघडणारा माणूस पहिल्याच वर्षी का थकतो, तेही यातच दिसतं. अजून यात गोठ्याचं भाडं नाही, वीज-पाणी नाही, तुडवून वाया गेलेला चारा नाही आणि ठेवणाऱ्याचा नफाही नाही.

गोठा फुकटचा आहे, असं आमच्या गड्याचं म्हणणं. आम्ही दोघांनी आत जाऊन पाहिलं. छप्पर पत्र्याचं आणि मागच्या बाजूला इतकं उतरतं की घोडीने मान वर केली तर डोकं लागेल. बैल बसका, वेसणीने बांधलेला. घोडी मान उंचावून उभी राहते, दचकली तर मागच्या दोन पायांवर. लहान चणीच्या घोडीलाही दहा बाय दहा फुटांचा कप्पा हवा, मोठ्या घोड्याला बारा बाय बारा. अगाडी-पिछाडी बांधून कमी जागेत भागवतात, पण मग चालवून आणायचं काम वाढतं. सगळ्यात वाईट म्हणजे जमीन. आपली काळी माती पावसाळ्यात टापेत भरते ती निघत नाही. ओल राहून टापेचा तळ सडतो, वास येतो, घोडी लंगडते. त्यामुळे वीतभर मुरूम टाकून, धुम्मस करून, उतार काढावा लागणार. हा एकदाचाच खर्च, पण पहिल्या वर्षाची कमाई तो खाऊन टाकतो.

नालबंदाचं प्रकरण मजेशीर आहे. "आपल्याकडे आहे नं नालबंद," तो म्हणाला. आहे, बैलांचा. बैलाचा खूर दुभंगलेला, म्हणून प्रत्येक पायाला दोन पातळ पत्र्या; बैलाला दोर टाकून आडवा पाडतात, पाय बांधतात आणि ठोकतात. घोड्याला असं पाडत नाहीत. तो उभा असतानाच पाय मांडीवर घेऊन आधी वाढलेली टाप छाटायची, पातळी साधायची, मग नाल बसवायची. टापेची कड महिन्याला साधारण सेंटीमीटरभर वाढते, म्हणून नाल शाबूत असली तरी दीड महिन्याने काढून पुन्हा बसवावी लागते. खिळा टापेच्या बाहेरच्या निर्जीव कडेतच जायला हवा. दोन-तीन मिलिमीटर आत गेला की जिवंत भागात घुसतो आणि घोडी महिनाभर घरी. हे हात आता कमी राहिलेत, कारण घोडेच कमी झाले. देशात २०१२च्या पशुगणनेत घोडे-तट्टू सव्वासहा लाखांच्या आसपास होते, २०१९च्या गणनेत ते ३.४ लाखांवर आले. तेव्हा घोड्यांचा नालबंद नागपुरातून बोलवायचा आणि त्याचं जाण्यायेण्याचं भाडं घोड्यांवर वाटायचं.

आजारपणाबद्दल थोडक्यात सांगतो. पावसाळ्यात गोमाश्या चावून सर्रा पसरतो. संध्याकाळी कडुनिंबाच्या पाल्याचा धूर करतात तो त्यासाठी. शेंबा, म्हणजे ग्लँडर्स, हा त्याहून भयंकर. तो माणसालाही होतो, आणि २००९च्या केंद्रीय कायद्याखाली त्याची खबर सरकारला द्यावी लागते. तपासणीत पक्का निघाला तर घोडा दयामरण देऊन पुरतात आणि आजूबाजूच्या घोड्यांची ने-आण थांबवतात. म्हणजे एकाच्या घोडीमुळे दुसऱ्याचं लग्नसराईचं बुकिंग बुडतं. नवीन घोडी आत घेण्याआधी रक्ततपासणीचा दाखला बघायचा आणि प्रत्येकीची पाण्याची बादली वेगळी ठेवायची, यात भिडेखातर सूट देऊ नये. घोड्यांत काम करणाऱ्यानेही धनुर्वाताची सुई घेतलेली असावी. त्याचे जंतू लिदीत असतात.

खरा कस लागतो चातुर्मासात. आषाढी झाली की लग्नं जवळजवळ थांबतात, ती तुळशीच्या लग्नापर्यंत. घोडीची कमाई शून्य, चिखल मात्र भरपूर आणि वाळला चारा वर्षातला सगळ्यात महाग. काम नसताना चंदी निम्मी करायची, करावीच लागते. बसून खाणाऱ्या घोड्याला पूर्ण दाणा दिला तर पाय आखडतात. तेवढ्याने महिना १,२०० वाचतात. चारा कमी करता येत नाही. दोन घोड्यांच्या हिशेबाने घोडीमागे १०,७८० उरतात, चार महिन्यांचे ४३,१२०. वैशाखात कमावलेलं श्रावणात गव्हाणीत जातं.

या चार महिन्यांचा हिशेब आपल्याकडे फार थोर माणसाने करून ठेवलेला आहे. १६७०च्या दशकात शिवाजी महाराजांनी चिपळूणच्या छावणीतल्या अधिकाऱ्यांना पाठवलेलं पत्र बहुतेकांना माहीत असतं ते रयतेच्या भाजीच्या देठासाठी. पण घोडा ठेवणाऱ्याने ते पावसाळ्याचं अंदाजपत्रक म्हणून वाचावं. साठवलेला दाणा-गवत आत्ताच मनमानी उधळलंत तर ऐन पावसात काही उरणार नाही, घोडी मरतील आणि ती तुम्हीच मारल्यासारखी होतील, मग तुम्ही रयतेला लुबाडायला निघाल, असा त्याचा रोख. त्यात दिव्याची पेटती वात उंदीर ओढून नेईल आणि गवताची गंजी पेटेल, इतक्या बारकाव्यापर्यंत महाराज उतरतात. चाऱ्याच्या गंजीशेजारी बिडी ओढणारा गडी ज्याने पाहिलाय त्याला ही ओळ लिहिणारा माणूस किती वेळा पागेत फिरला असेल ते कळतं.

त्याच सैन्यात दोन तऱ्हेचे स्वार होते. बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळे, चाराही सरकारचा. शिलेदार स्वतःचा घोडा, स्वतःचं सामान आणे आणि त्याला पगार अधिक. घोडा मेला तर नुकसान कोणाचं, हे आधीच ठरलेलं. आजच्या करारात नेमकं हेच कोणी लिहीत नाही. म्हणून मी त्याला कागदावर चार गोष्टी लिहायला लावल्या. चंदी किलोत, डब्यात नाही. नालबंद आणि डॉक्टर मालकाच्या खर्चाने. रात्री पोटशूळ उठला आणि मालकाने फोन उचलला नाही, तर डॉक्टर बोलवायचा अधिकार ठेवणाऱ्याचा. आणि करार आषाढीपासून आषाढीपर्यंत. कार्तिकी ते आषाढी असा केला तर लग्नसराईपुरते पैसे देऊन मालक मोकळा होईल आणि पुढच्या चिखलात घोडी कोणाची, यावर भांडण होईल.

दर ठरला घोडीमागे साडेतेरा हजार. चार हजारांवरून तिथे यायला आमचा अख्खा रविवार गेला. नागपूरला निरोप पाठवला आणि उलट टपाली उत्तर यावं तसा संध्याकाळीच फोन आला. दर कबूल, आषाढीची अटही कबूल. फक्त एक विचारायचं होतं. दोन घोड्यांची लीद दिवसाला तीसेक किलो पडते, वर्षाचं चांगलं चार-पाच ट्रॉली खत होतं. ते कोणाचं?

गड्याने फोनवर हात ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. वही पुन्हा उघडली.