लोह ताटात आहे, रक्तात का नाही?

‘वीगन’ हा शब्द शहरातून आलेला. पण उमरी परिसरातलं ज्वारीची भाकरी, तुरीचं वरण, अंबाडीची भाजी आणि कारळाची चटणी हे ताट मुळात वनस्पतीजन्यच आहे. माळकरी घरांत मांसाहार वर्ज्य असतो आणि गोठ्यातलं दूध अनेकदा डेअरीला जातं. अशा आहारातून पुरेसं लोह मिळतं का? मिळू शकतं; पण काय खातो याइतकंच कशासोबत खातो, हेही महत्त्वाचं.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के महिलांमध्ये रक्तक्षय आढळला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने प्रौढ स्त्रीसाठी रोज २९ आणि पुरुषासाठी १९ मिलिग्रॅम लोह सुचवलं आहे. पाळीतल्या रक्तस्रावामुळे स्त्रीची गरज जास्त. आणि घरात सगळ्यांत शेवटी जेवणारी बहुधा तीच!

१०० ग्रॅम ज्वारीत सुमारे ४, बाजरीत ६ आणि अख्ख्या हरभऱ्यात जवळपास ७ मिलिग्रॅम लोह असतं. म्हणजे २०० ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या भाकरीतून साधारण ८ मिलिग्रॅम. उरलेली गरज हरभरा, मटकी, सोयाबीन, तीळ आणि पालेभाज्यांतून भागवावी लागते. दूध सोडल्याने मात्र लोह घटत नाही. दुधात ते नगण्यच असतं.

खरी अडचण शोषणाची आहे. मांसातलं लोह शरीर सहज शोषून घेतं. धान्य-कडधान्यांतलं लोह मात्र त्यातल्याच फायटेटने बांधलेलं असतं. कडधान्य भिजवून मोड आणले की फायटेट कमी होतं. ‘क’ जीवनसत्त्वानेही शोषण वाढतं. म्हणून उसळ चुलीवरून उतरवल्यावर लिंबू पिळावं किंवा जेवणासोबत पेरू, आवळा खावा. आंबट भाजी लोखंडी कढईत शिजवली तर थोडं लोह भाजीत उतरतं. शिजल्यावर ती लगेच दुसऱ्या भांड्यात काढावी.

याच्या अगदी उलट काम चहा करतो. सकाळी चहात बुडवून खाल्लेल्या भाकरीतलं बरंचसं लोह चहातल्या टॅनिनमुळे वाया जातं. कोरा चहाही त्याला अपवाद नाही. जेवणाआधी आणि नंतर किमान तासभर चहा टाळावा.

धाप लागणं, सतत थकवा, माती किंवा खडू खावासा वाटणं अशी लक्षणं असतील तर हिमोग्लोबिन तपासून घ्यावं. स्त्रियांमध्ये ते १२ पेक्षा आणि गरोदरपणात ११ पेक्षा कमी म्हणजे रक्तक्षय. मग केवळ आहारावर विसंबू नये. सरकारी दवाखान्यात लोहाच्या गोळ्या मोफत मिळतात. त्या चहा किंवा कॅल्शियमच्या गोळीसोबत घेऊ नयेत. गोळ्यांमुळे शौच काळी होते. त्याला घाबरून गोळ्या बंद करू नयेत. गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन वाढत नसेल, तर मूळव्याध, जंत, सिकलसेल यांसारखी कारणं शोधावी लागतात.

दूधही पूर्ण सोडलेल्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं: बी-१२ जीवनसत्त्व भाकरी-भाजीतून मिळत नाही. ते डॉक्टरांच्या सल्ल्याने वेगळं घ्यावंच लागतं.