चाल मंदावते तेव्हा

‘‘बाबा थोडं विसरतात, पण आता वयच झालंय,’’ असं म्हणत मुलगा खुर्चीत बसतो. वडील अजून दारातच असतात. ओपीडीच्या दारापासून माझ्या टेबलापर्यंत दहा-बारा पावलांचं अंतर आहे. गर्दीच्या दिवशी एका रुग्णाला जेमतेम पाच मिनिटं मिळतात. त्यामुळे ही पावलं मी नीट पाहून घेतो.

डिमेन्शियाला आपण ‘स्मृतिभ्रंश’ म्हटलं आणि सगळ्यांचं लक्ष स्मरणशक्तीवरच खिळलं. चष्मा कुठे ठेवला हे विसरलं की घरचे घाबरतात. पण देवळात जाताना पूर्वी सगळ्यांच्या पुढे असणारी आई आता मागे राहते, याकडे ‘गुडघे दुखत असतील’ म्हणून दुर्लक्ष होतं. बहुतेक वेळा ते गुडघेच असतात. नेहमी नाही.

चालण्यासाठी मेंदूचा पुढचा भाग, लहान मेंदू, डोळे आणि आतल्या कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा यांना एकत्र काम करावं लागतं. उच्च रक्तदाब आणि मधुमेहामुळे मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या खराब होऊ लागल्या, की त्याचा परिणाम कधी कधी विसरण्याच्या आधी पावलांत दिसतो. स्वीडनमधल्या संशोधकांनी १९९७मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये एक साधं निरीक्षण मांडलं होतं. बोलायला लागताच चालायचे थांबणारे वृद्ध पुढे पडण्याची शक्यता जास्त असते. नंतर न्यूयॉर्कमधल्या डॉ. जो वर्गीस यांनी दाखवलं, की मंद चाल आणि विसरण्याची तक्रार या दोन्ही गोष्टी एकत्र असतील तर डिमेन्शियाचा धोका वाढतो. धोका वाढतो म्हणजे आजार होणारच, असं नव्हे.

घरी पाहायचं असेल तर हॉलमध्ये चार मीटर अंतर मोजा आणि नेहमीच्या चालीने चालायला सांगा. पाच सेकंदांहून जास्त वेळ लागला तर चाल मंद आहे. मग चालता चालता ‘सकाळी काय खाल्लं?’ असं विचारा. उत्तर द्यायला पाय थांबतात का, ते बघा. मात्र परीक्षा घेतल्यासारखं करू नका, माणसं बिचकतात. दूध करपल्याचा वास न येणं, टीव्हीचा आवाज वाढत जाणं, याही गोष्टी डॉक्टरांच्या कानावर घाला. ऐकू कमी येणं हा डिमेन्शियाच्या टाळता येण्याजोग्या मोठ्या धोक्यांपैकी एक आहे. तरीही चष्मा लावणारा माणूस श्रवणयंत्राला का लाजतो, हे कोडं मला तीस वर्षांत सुटलेलं नाही.

आपल्याकडे साठीपुढच्या सुमारे ७.४ टक्के लोकांना, म्हणजे जवळपास ८८ लाख जणांना डिमेन्शिया असल्याचा अंदाज आहे. तरी ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून आपण मोकळे होतो. त्यात बरे होऊ शकणारे रुग्णही हातचे जातात. बी-१२ची कमतरता, थायरॉइडचा विकार, वर्षानुवर्षं चालू असलेल्या झोपेच्या गोळ्या, यांमुळे चालही बिघडते आणि विसरायलाही होतं. पाय जमिनीला चिकटल्यासारखे चालणं, लघवीवर ताबा न राहणं आणि विसरणं, हे तिन्ही एकत्र दिसलं तर मेंदूतल्या पोकळ्यांत पाणी साचलेलं असू शकतं. त्यावर शस्त्रक्रिया आहे, आणि ती वेळेत झाली तर चाल बरीच सुधारू शकते.

गेल्या वर्षी एक निवृत्त एसटी चालक आले होते. सासरे बोलताना रस्त्यात थांबतात, हे सुनेच्या लक्षात आलं होतं. मुलगा ‘वय झालं’वरच अडून बसला होता. बी-१२ खूप कमी निघालं, रक्तदाब वाढलेला होता आणि एका कानाने जवळजवळ ऐकू येत नव्हतं. इंजेक्शनं, गोळ्या आणि श्रवणयंत्र सुरू झालं. विसरणं पूर्ण गेलेलं नाही. पुढे काय होईल, ते आज सांगता येणार नाही. सून मात्र दर महिन्याच्या एक तारखेला त्यांना हॉलमध्ये चालवते आणि सेकंद भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवते. पहिला आकडा सात होता. परवा फाडून आणलेल्या पानावर साडेपाच होता.