घोडीच्या पाठीचा बाक

तंतुवाद्याच्या तारा ज्या लहानशा आधारावरून पुढे जातात त्याला घोडी म्हणतात, आणि जयसिंगपुराहून कृष्णा ओलांडली की लागणाऱ्या मिरजेत ही घोडी घासण्याचे काम एकोणिसाव्या शतकापासून चालत आले आहे. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातील फरीदसाहेब सतारमेकर यांच्यापासून सुरू झालेल्या या परंपरेतील सतारीला व तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. इलेक्ट्रिक गिटारचा ब्रिज म्हणजेही घोडीच. परंतु तिच्या पाठीला बाक कशासाठी आणि कोणत्या दिशेने द्यायचा, याबाबत ही वाद्ये परस्परविरुद्ध मार्गांनी जातात.

गिटारचा फ्रेटबोर्ड, म्हणजे पडदे बसवलेली लाकडी पट्टी, बहुतेक इलेक्ट्रिक गिटारांत सपाट नसून आडव्या अंगाने किंचित फुगीर असतो, आणि हा फुगीरपणा एका मोठ्या वर्तुळाचा तुकडा मानून त्याच्या त्रिज्येने सांगण्याची पद्धत आहे. फेंडरच्या जुन्या घडणीत ही त्रिज्या ७.२५ इंच, नव्या घडणीत बहुधा ९.५ इंच, तर गिब्सनच्या गिटारांत साधारणपणे १२ इंच असते. त्रिज्या जितकी लहान तितका बाक अधिक. सहाही तारांची ओळ या बाकाला समांतर राहिली नाही, तर काही तारा पडद्यांना घासून खरखरतात आणि काही इतक्या उंच राहतात की त्या दाबताना बोटे दुखतात. पहिल्या व सहाव्या तारेत ब्रिजवर सुमारे ५२ मिलिमीटर अंतर धरल्यास, ९.५ इंचांच्या बाकासाठी मधल्या दोन तारांपेक्षा दुसरी व पाचवी तार साधारण ०.४५ मिलिमीटर, तर पहिली व सहावी साधारण १.३५ मिलिमीटर खाली असावी लागते. जाड कागदाच्या घडीएवढा हा फरक असला, तरी वादकाच्या बोटांना तो लगेच कळतो.

१९५४ मध्ये आलेल्या फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टरमध्ये प्रत्येक तारेला सॅडल, म्हणजे स्वतःची बैठक, असून तिची उंची दोन बारीक स्क्रूंनी बदलता येते. त्याच वर्षी गिब्सनने वापरात आणलेल्या ट्यून-ओ-मॅटिक ब्रिजमध्ये मात्र दोन टोकांच्या चकत्या फिरवून संपूर्ण ब्रिजच वरखाली होतो, त्यामुळे बाक घडणीतच आलेला असतो आणि फार तर तारेची खाच कानशीने खोल करता येते. अर्थात एकदा घासलेला धातू परत येत नाही, हे मिरजेच्या कारागिराला सांगावे लागणार नाही.

जुळणीला क्रम असतो. नेहमीच्या जाडीच्या तारा चढवून त्या स्वरात लावायच्या, गळ्यातील ट्रस रॉड या लोखंडी सळईने गळ्याचा लांबीकडचा बाक ठरवायचा, आणि मगच ब्रिजला हात लावायचा. प्रथम पहिल्या व सहाव्या तारेची उंची निश्चित करतात, ९.५ इंचांच्या पट्टीवर सतराव्या पडद्यापाशी सुमारे १.६ मिलिमीटर हे फेंडरचे माप आरंभाला पुरेसे आहे. त्यानंतर त्या त्रिज्येची कमानदार मापपट्टी तारांखाली धरून मधल्या चार बैठका अशा फिरवतात की सर्व तारा मापपट्टीला सारख्याच टेकतील. ७.२५ इंचांच्या पट्टीवर तार आडवी ओढून स्वर चढवताना ती मधल्या उंचवट्यावरील पुढच्या पडद्याला लागून आवाज तुटतो, म्हणून तेथे तारा सहसा थोड्या उंच ठेवाव्या लागतात. उंची बदलली की तारेची कंप पावणारी लांबीही सूक्ष्म प्रमाणात बदलते, म्हणून बैठक पुढेमागे सरकवून बाराव्या पडद्यावरील स्वर जुळवणे शेवटी येते.

तंबोऱ्याच्या घोडीचा बाक आडवा नसून तारेच्या दिशेनेच असतो. तिच्या रुंद, सपाट भासणाऱ्या पाठीला इतका हलका उतार देतात की कंप पावणारी तार तिला पुन्हा पुन्हा स्पर्शत राहते आणि तारेखाली सरकवलेल्या सुती दोऱ्याने तो स्पर्श नेमका साधला की स्वरातील उपस्वर झळकू लागतात. यालाच जवारी म्हणतात. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ मध्ये या घोडीचा अभ्यास करून असे दाखवले, की तार छेडलेल्या जागी ज्या उपस्वरांचा स्थिर बिंदू येतो आणि जे त्यामुळे ऐकू येऊ नयेत, तेही येथे उमटतात. गिटारच्या सॅडलकडून याच्या उलट अपेक्षा असते: तार एकाच धारदार बिंदूवरून सुटली पाहिजे, आणि खाच झिजून पसरट झाली तर येणारी सतारीसारखी झणझण दोष मानून दुरुस्त केली जाते. १९६७ मध्ये अमेरिकेत आलेल्या कोरल इलेक्ट्रिक सितारमध्ये मात्र हीच झणझण मिळावी म्हणून ब्रिज मुद्दाम पसरट केला होता.