ज्वारी वाईट नाही, काळी ज्वारी वाईट

मक्याचा भाव चढला की हुबळी-धारवाडकडच्या पोल्ट्रीवाल्यांत ज्वारीचा विषय निघतो. लगेच कुणीतरी म्हणतं, 'ज्वारीत टॅनिन असतं, पिल्लं वाढत नाहीत.' लाल-तपकिरी दाण्याच्या काही वाणांबाबत ते खरं आहे. आपल्या पांढऱ्या ज्वारीत टॅनिन नगण्य असतं. प्रथिनं मक्याएवढी किंवा थोडी जास्तच, ऊर्जा किंचित कमी. खरी अडचण भावाची. रब्बीची मालदांडी माणसांच्या भाकरीसाठी विकली जाते, कोंबडीला ती परवडत नाही. मग खाद्यात येते ती पावसात भिजून काळी पडलेली खरीप ज्वारी.

'काळी असली तरी कोंबडीला चालते' हा सगळ्यांत महागात पडणारा समज. तो काळेपणा बुरशीचा असतो. १९९५ मध्ये दख्खनच्या पठारावर, कर्नाटक-आंध्रातल्या काही गावांत, भिजलेली ज्वारी आणि मका खाऊन लोकांना पोटदुखी नि जुलाब झाले. त्या धान्यात फ्युमोनिसिन हे बुरशीचं विष सापडलं होतं. खाद्यात फायटेज किंवा झायलनेज ही एन्झाइमं कितीही टाका, हे विष मोडत नाही.

एन्झाइमना 'वाढीचं इंजेक्शन' समजणारेही भेटतात. ती साधी प्रथिनं आहेत, आतड्यात खाद्यावर काम करतात. धान्य आणि सोयापेंडीतला साधारण दोन तृतीयांश फॉस्फरस फायटेटमध्ये अडकलेला असतो, फायटेज तो सोडवतं. पण डीसीपी (डायकॅल्शियम फॉस्फेट) पूर्वीएवढीच ठेवून वर फायटेज टाकलं तर बचत कसली? खर्च उलट वाढतो. चुनखडी जास्त झाली तरी फायटेजचं काम मंदावतं. गोळी खाद्य करताना तापमान ८० अंशांवर गेलं की साधं एन्झाइम निकामी होतं. उष्णता सोसणारं घ्यावं, नाहीतर गोळी झाल्यावर फवारावं.

झायलनेजचा उपयोग गहू, तांदळाचा कोंडा असलेल्या खाद्यात जास्त. ज्वारीत स्टार्चभोवती काफिरिन या प्रथिनाचं वेष्टण असतं, तिथे झायलनेज फारसं कामाचं नाही. काफिरिनमध्ये लायसिनही कमी, म्हणून ज्वारी वाढवली की लायसिनचा हिशेब नव्याने मांडावा लागतो.

आणि ज्वारीवर वाढलेल्या कोंबडीचे पाय फिके दिसले म्हणून घाबरू नये. पिवळेपणा मक्यातल्या रंगद्रव्याचा, ज्वारी-बाजरीत ते जवळपास नसतंच. आपल्याकडे बहुतेक ब्रॉयलर सोलूनच विकला जातो. वजनकाटा बघा.