गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचे रिव्ह्यू वाचताना आधी तारीख बघा!

मे महिन्यात काम झालं आणि मे महिन्यातच पाच तारे पडले, तर त्या रिव्ह्यूवरून फार तर एवढं कळतं की माणसं वेळेवर आली आणि राडारोडा उचलून गेली. तेही महत्त्वाचंच. पण गच्ची गळते की नाही हे पावसाळाच सांगतो. म्हणून मी ऑगस्ट-सप्टेंबरनंतर लिहिलेले रिव्ह्यू शोधतो, आणि दोन-तीन पावसाळ्यांनंतरचा एखादा सापडला तर तो सोन्यासारखा!

त्यात काय असावं? जुना कोबा फोडला की त्यावरच लेप मारला, पाण्याचा उतार कुठे दिला, पाणी साठवून चाचणी किती तास घेतली, हमी कागदावर मिळाली का. तक्रार आल्यावर कंत्राटदार परत आला का, हे तर मी सगळ्यात आधी बघतो.

ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी आपल्याकडे 2022 पासून भारतीय मानक ब्यूरोचं आयएस 19000 हे मानक आहे. पैसे देऊन लिहून घेतलेले रिव्ह्यू त्यात बसत नाहीत. पण ते ऐच्छिक आहे, त्यामुळे शहानिशा आपणच करायची. शेजारच्या सोसायटीच्या सेक्रेटरींना फोन करा, वरच्या मजल्यावरच्या काकूंना छत दाखवायला सांगा. त्या नक्की दाखवतील.

आणि तुमच्याकडे काम झालं असेल, तर पहिल्या पावसाळ्यानंतर फोटोसकट चार ओळी जरूर लिहा. काम चांगलं झालं असेल तरीही!