भंडाऱ्यात बघण्यासारखं काय आहे? सात गैरसमज आणि वस्तुस्थिती

सुट्ट्या जवळ आल्या की घराघरांत फिरायला जायच्या याद्या तयार होतात. काश्मीर, केरळ, सांची, थोडा खर्च झेपणार असेल तर श्रीलंका किंवा बाली. नागपूरहून साठेक किलोमीटरवर असलेल्या भंडारा जिल्ह्याचं नाव या याद्यांत क्वचितच दिसतं. खुद्द भंडाऱ्याची माणसंही पाहुण्यांना सांगतात, "आमच्याकडे काय आहे बघायला?"

प्राचीन स्तूप, शेकडो वर्षांची जलव्यवस्था, वाघाचं जंगल, नदीकाठची तीर्थं आणि हातमागाचं कापड हे बघायला माणसं जगभर फिरतात. हे सगळं या एका जिल्ह्यात आणि त्याच्या लगतच्या गावांत आहे. उणीव आहे ती माहितीची. ठिकाण लक्षात राहतं ते तिथं काय घडलं हे कळल्यावर. नुसतं बघून सहसा राहत नाही. म्हणून भंडाऱ्याबद्दलचे नेहमीचे गैरसमज आधी दूर करू.

गैरसमज 1 : भंडारा म्हणजे नागपूर-रायपूर महामार्गावरचा चहाचा थांबा.

वस्तुस्थिती : महामार्गावरून दिसतं ते शहराचं एक टोक. भंडारा, तुमसर, मोहाडी, साकोली, लाखनी, लाखांदूर आणि पवनी हे सात तालुके महामार्गाच्या दोन्ही अंगांना पसरले आहेत. उत्तरेला सातपुड्याच्या रांगा, मधून वाहणारी वैनगंगा, पूर्वेला नागझिऱ्याचं जंगल आणि दक्षिणेला पवनीचं प्राचीन नगर. 1 मे 1999 रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला, तेव्हा नवेगावबांधसारखी काही नामांकित ठिकाणं तिकडे गेली. त्यामुळे भंडाऱ्याकडे काही उरलंच नाही असा समज पसरला, तो चुकीचा आहे.

रेल्वेनं येणाऱ्यांसाठी एक सूचना. भंडारा रोड हे स्टेशन शहरात नसून वरठीला आहे आणि तुमसर रोड स्टेशन देव्हाडीला. तिथून शहरात पोचायचा वेळ आधीच धरून ठेवावा.

गैरसमज 2 : भव्य बौद्ध स्तूप बघायचा तर सांचीलाच जावं लागतं.

वस्तुस्थिती : सांचीला जरूर जावं, पण पवनीलाही जावं. 1969-70 मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी मिळून पवनीत उत्खनन केलं. शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांच्या नेतृत्वाखालच्या या कामात जगन्नाथ टेकडीखाली विटांचा एक प्रचंड स्तूप सापडला. त्याची सुरुवात मौर्यकाळापर्यंत मागे जाते. पुढच्या राजवटींत तो वाढवला गेला, त्याभोवती दगडी कठडा आणि तोरणं आली. त्याचा व्यास 40 मीटरांच्या आसपास भरला. सांचीच्या मोठ्या स्तूपाचा व्यास 36 मीटरांच्या आसपास आहे, यावरून पवनीच्या बांधकामाचा आवाका कळतो.

इथं सापडलेल्या एका शिल्पाकडे नीट बघायला हवं. पाच फण्यांचा नाग, त्याच्या छायेत एक आसन, मागे बोधिवृक्ष आणि दगडावर ब्राह्मी लिपीत कोरलेलं मुचलिंद नागाचं नाव. ज्ञानप्राप्तीनंतर वादळी पाऊस आला, तेव्हा या नागराजानं बुद्धांवर फणा धरला अशी कथा आहे. शिल्पात आसन मात्र रिकामं आहे. त्या काळात बुद्धांना माणसाच्या रूपात न दाखवता वृक्ष, आसन, चक्र अशा चिन्हांतून दाखवत. कोरणाऱ्यानं नाव घातलं, म्हणून दोन हजार वर्षांनंतरही प्रसंग ओळखता येतो.

सांचीसारखा उभा घुमट पवनीत दिसणार नाही, हे जाण्यापूर्वी माहीत असलेलं बरं. इथं टेकडी आहे, मंदिर आहे आणि जमिनीखालचा इतिहास आहे. गावाला तीन बाजूंनी मातीचा तट आणि खंदक, चौथ्या बाजूला वैनगंगा. तटावरून चालत घाटावर उतरलं की हे गाव एके काळी किती मोठं नगर असेल, हे आपसूक ध्यानात येतं. पवनीजवळच्या रुयाड-सिंदपुरी परिसरात जपानी बौद्धांच्या सहकार्यानं उभारलेला नवा महास्तूपही आहे. दोन्ही एकाच दिवसात पाहून होतात.

गैरसमज 3 : भंडाऱ्याचे तलाव नैसर्गिक आहेत, नाहीतर सरकारनं बांधलेले.

वस्तुस्थिती : भंडाऱ्याला तलावांचा जिल्हा म्हणतात, पण त्यातले बहुतेक जुने तलाव गावकऱ्यांनी बांधलेले आहेत. गोंड राजांच्या काळात तलाव बांधणाऱ्याला जमिनीच्या सवलती मिळत. या कामात कोहळी समाजाचा हातखंडा होता. आज गोंदिया जिल्ह्यात असलेला नवेगावबांध हा विशाल जलाशय कोलू पाटील कोहळी यांनी 18 व्या शतकाच्या सुरुवातीला बांधला, असं परंपरेनं सांगितलं जातं. पूर्व विदर्भात असे सहा हजारांहून अधिक तलाव आहेत. माजी मालगुजारी तलाव, म्हणजे पूर्वी मालगुजार जमीनदारांच्या ताब्यात असलेले तलाव, हे त्यांचं सरकारी नाव; लोक त्यांना 'मामा तलाव' म्हणतात.

त्यांची रचना उभं राहून बघण्यासारखी आहे. दोन उंचवट्यांमधली उताराची जागा हेरायची, तिथं मातीची पाळ घालायची, जास्तीचं पाणी जायला एका बाजूला सांडवा ठेवायचा आणि शेताला पाणी सोडायला तुडुम बसवायचं. वरच्या तलावातून सांडलेलं पाणी खालच्या तलावात, तिथून आणखी खालच्या बोडीत, म्हणजे छोट्या तळ्यात, आणि शेवटी धानाच्या बांधीत. एका पावसाचं पाणी उतारभर वापरलं जाई.

श्रीलंकेतही एकाखाली एक अशी तलावांची साखळी आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेनं तिला जागतिक महत्त्वाच्या कृषी वारशात स्थान दिलं आहे. अनुराधपुरा आणि पोलोन्नरुवाचे तलाव बघायला जगभरातून प्रवासी जातात. तशीच जलविद्या आपल्या पाळीवर उभी आहे आणि आपण तिच्यावरून गाडी पुढे काढतो.

1950 नंतर मालगुजारी संपली, तलाव सरकारकडे गेले आणि देखभालीची जुनी जबाबदारी तुटली. अनेक तलावांत गाळ साचला, काठावर बेशरमाची झुडपं माजली. याची झळ मासेमारी आणि शिंगाड्यावर जगणाऱ्या ढिवर समाजाला सगळ्यांत आधी बसली. अलीकडे गावकरी, मच्छीमार संस्था आणि अभ्यासक मिळून काही तलावांत पाणवनस्पती आणि देशी मासे पुन्हा आणत आहेत. असा एखादा सुधारलेला तलाव आणि एखादा गाळानं भरलेला तलाव शेजारी शेजारी बघितले की पर्यावरणाचा धडा वेगळा शिकवावा लागत नाही.

गैरसमज 4 : नागझिरा गोंदियाचा, आणि वाघ दिसला नाही तर पैसे पाण्यात.

वस्तुस्थिती : यातल्या दोन्ही गोष्टी चूक आहेत. 1970 मध्ये अभयारण्य झालेलं नागझिरा भंडारा आणि गोंदिया या दोन्ही जिल्ह्यांत पसरलं आहे आणि त्याचं पिटेझरी प्रवेशद्वार साकोली तालुक्यात आहे. भंडारा शहराच्या जवळचं कोका अभयारण्य तर याच जिल्ह्यातलं. नवेगाव, नागझिरा, नवीन नागझिरा आणि कोका मिळून डिसेंबर 2013 मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला. पवनी तालुक्यातही पसरलेलं उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य आहे, ते वेगळं.

'जय' हा देशभर गाजलेला वाघ नागझिऱ्याचा. तिथून निघून शेतं आणि रस्ते ओलांडत तो उमरेड-कऱ्हांडल्यात पोचला. 2016 मध्ये तो दिसेनासा झाला. वाघाला एक जंगल पुरत नाही, दोन जंगलांना जोडणारी वाटही लागते, हे त्याच्या प्रवासानं सगळ्यांना दाखवलं. कान्हा, पेंच आणि ताडोबा यांच्या मधोमध असलेल्या नागझिऱ्याचं मोल त्या वाटांमध्ये आहे.

आता वाघ न दिसण्याविषयी. व्यंकटेश माडगूळकरांनी 'नागझिरा' आणि किरण पुरंदरे यांनी 'सखा नागझिरा' ही पुस्तकं याच जंगलावर लिहिली आणि त्यांनी पाहिलेलं जंगल वाघाच्या कितीतरी पलीकडचं आहे. गवे, अस्वलं, रानकुत्र्यांचे कळप, पाणवठ्यावरचे पक्षी, ऐन आणि धावड्याची झाडं, उन्हाळ्याच्या तोंडावर मोहाच्या फुलांचा सडा. जिप्सी थांबवून पंधरा मिनिटं गप्प बसलं तर हे दिसतं. दर वळणावर "वाघ कुठंय?" असं गाइडला विचारत राहिलं तर त्यातलं काहीच दिसत नाही.

गैरसमज 5 : किल्ले म्हणजे सह्याद्री; विदर्भात किल्ले नाहीत.

वस्तुस्थिती : तुमसर तालुक्यात सातपुड्याच्या डोंगरात अंबागड उभा आहे. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह, ज्यानं नागपूर शहर वसवलं, त्याच्या काळात इ.स. 1700 च्या सुमारास सुभेदार राजाखान पठाण यानं तो बांधला. पुढे नागपूरकर भोसल्यांनी त्याचा तुरुंग म्हणून वापर केला. मराठी वाचकाला शिवकाळातले गड तोंडपाठ असतात. गोंड राजवटीचा इतिहास मात्र शाळेच्या पुस्तकात हाती लागत नाही. तो अंबागडाच्या बुरुजांत भेटतो. साकोली तालुक्यात सानगडीचाही किल्ला आहे. अंबागडाजवळचं गायमुख महाशिवरात्रीच्या यात्रेसाठी प्रसिद्ध आहे आणि चांदपूरला हनुमानाचं देवस्थान व मोठा जलाशय आहे. उत्तर भंडाऱ्याची ही एका दिवसाची फेरी होते.

गैरसमज 6 : गोसेखुर्द म्हणजे नौकाविहार आणि सेल्फी.

वस्तुस्थिती : पवनीजवळ वैनगंगेवरच्या या धरणाची पायाभरणी 22 एप्रिल 1988 रोजी तत्कालीन पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते झाली. 2009 मध्ये तो राष्ट्रीय प्रकल्प ठरला. 33 दरवाजे उघडल्यावर सुटणारं पाणी बघायला पावसाळ्यात गर्दी होते. पण ज्या पसरलेल्या पाण्याचे आपण फोटो काढतो, त्याच्या तळाशी घरं, शेतं आणि देवळं आहेत. अनेक गावांना उठून दुसरीकडे जावं लागलं. नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानमध्ये आणि तिथून या जलाशयात येतं, हेही ध्यानात ठेवावं आणि पाण्यात उतरताना विचार करावा.

याच पाण्याच्या वरच्या अंगाला आंभोरा आहे. वैनगंगा, कन्हान, आम, मुरझा आणि कोलारी अशा पाच नद्यांचा इथला संगम आणि चैतन्येश्वराचं मंदिर प्रसिद्ध आहे. आंभोरा भंडाऱ्यात आहे असं पुष्कळांना वाटतं. ते नागपूर जिल्ह्यातल्या कुही तालुक्यात आहे. 2024 मध्ये सुरू झालेल्या केबलच्या आधारावरच्या पुलानं ते भंडाऱ्याच्या काठाशी जोडलं आणि पुलावरच्या गॅलरीतून संगम दिसतो. शके 1110, म्हणजे इ.स. 1188 मधला मुकुंदराजांचा 'विवेकसिंधु' इथं लिहिला गेला, अशी विदर्भाची श्रद्धा आहे. मराठवाडा हा मान अंबाजोगाईला देतो. मराठीच्या आद्यग्रंथाशी नाव जोडलेली जागा म्हणून दोन्हीकडे जावं.

गैरसमज 7 : ऊन फार, विकत घेण्यासारखं काही नाही, एका दिवसात सगळं होतं.

वस्तुस्थिती : भंडारा बघायचे महिने ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारी. तेव्हा धान कापणीला आलेलं असतं, तलाव भरलेले असतात आणि स्थलांतरित पक्षी उतरलेले असतात. सारस हा उंच, डौलदार पक्षी महाराष्ट्रात मुख्यतः गोंदिया-भंडाऱ्याच्या धानपट्ट्यातच टिकून आहे. पावसाळ्यात व्याघ्र प्रकल्पातली सफारी बंद असते, तेव्हा जंगलाचा बेत आखू नये.

दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते. दिवसा बाजार आणि दंडार हे लोकनाट्य, रात्री झाडीपट्टीची, म्हणजे पूर्व विदर्भाच्या या पट्ट्यातली, नाटकं. आजूबाजूच्या गावांतले लेकी-जावई, पाहुणेरावळे त्या दिवशी येतात आणि नाटक पहाटेपर्यंत चालतं. हे बघायचं तर मुक्काम करावाच लागतो.

खरेदीचं म्हणाल तर पितळेची भांडी ही भंडाऱ्याची जुनी ओळख. स्टीलच्या स्वस्त भांड्यांनी हा धंदा आकसला, तरी कारागिरांची परंपरा आहे. मोहाडी, आंधळगाव, पवनी या भागांत कोशाचं रेशमी कापड विणलं जातं. या रेशमाचे किडे तुतीवर नव्हे, ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर वाढतात, म्हणून कापडाला मधासारखा नैसर्गिक रंग येतो. काठावर करवतीच्या दात्यांसारखी नक्षी असलेल्या करवतकाठी साडीला भौगोलिक मानांकन मिळालं आहे, तसंच ते भंडाऱ्याच्या चिन्नोर तांदळालाही मिळालं आहे. विणकराकडून साडी आणि शेतकऱ्याकडून तांदूळ घेतला तर पर्यटनाचा पैसा गावात राहतो.

मग बेत कसा करावा?

तीन दिवस काढावेत. एक पवनी, रुयाड आणि गोसेखुर्दला, एक कोका किंवा पिटेझरीच्या जंगलाला आणि वाटेतल्या मामा तलावांना, एक अंबागड, गायमुख आणि चांदपूरला. पवनीत शिरण्यापूर्वी नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात एक तास घालवावा, म्हणजे प्राचीन शिल्पं ओळखीची होतात.

प्रशासनाकडून अपेक्षा साधी आहे. जगन्नाथ टेकडीवर आणि तलावांच्या पाळीवर नीट माहिती देणारे मराठी फलक हवेत, गावातल्या तरुणांना वाटाड्याचं प्रशिक्षण हवं. आणि भंडारेकरांकडूनही एक अपेक्षा आहे. पाहुण्यानं "इथं बघण्यासारखं काय आहे?" असं विचारलं तर हात झटकू नका. त्याला आधी पवनीला न्या.