रुग्णशय्येजवळची विद्या

मुंबईच्या भायखळा भागात जमशेटजी जीजीभाई रुग्णालय आणि ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय या दोन संस्था एकाच आवारात उभ्या आहेत, आणि या शेजारातच तेथील शिक्षणाचे मर्म आहे. एतद्देशीयांस पाश्चात्त्य वैद्यक शिकवण्यासाठी मुंबई सरकारने १८२६ साली काढलेली शाळा १८३२ साली बंद पडली. गव्हर्नर सर रॉबर्ट ग्रँट यांनी तो विषय पुन्हा हाती घेतला, परंतु योजना तडीस जाण्यापूर्वीच १८३८ साली त्यांचा अंत झाला. त्यांच्या स्मरणार्थ नागरिकांनी वर्गणी जमवली, जमशेटजींनी रुग्णालयासाठी एक लक्ष रुपये दिले, कंपनी सरकारने आपल्या वाट्याची तरतूद मंजूर केली, आणि १८४५ साली डॉ. चार्ल्स मोरहेड यांच्या हाताखाली महाविद्यालय सुरू झाले. १८५१ साली बाहेर पडलेल्या पहिल्या पदवीधरांत भाऊ दाजी लाड आणि पुढे प्रार्थना समाजाचे संस्थापक झालेले आत्माराम पांडुरंग हे होते.

या विद्येचा आरंभ मृत देहापासून होतो. बारावीपर्यंत केवळ पुस्तकांशी आणि गुणांशी परिचय असलेला विद्यार्थी पहिल्याच वर्षी डिसेक्शन हॉलमध्ये पाऊल ठेवतो, फॉर्मेलिनचा उग्र दर्प त्याच्या डोळ्यांत पाणी आणतो, आणि ज्याचे नावही त्याला ठाऊक नाही अशा माणसाचे स्नायू, शिरा व मज्जातंतू तो चिमट्याने विलग करू लागतो. वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांकडून मिळालेला हाडांचा संच खोलीवर आणून, प्रत्येक खाच व उंचवटा बोटांनी चाचपीत, तो तोंडी परीक्षेची तयारी करतो. शरीररचनेवरील ग्रे यांच्या ज्या विख्यात ग्रंथाची नावाजलेली चित्रे हेन्री व्हँडाइक कार्टर यांनी काढली, तो १८५८ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी मुंबईस आलेल्या कार्टर यांनी पुढे याच महाविद्यालयात शरीररचनाशास्त्र शिकवले.

पुढे वॉर्डातील पोस्टिंग सुरू होते, आणि ग्रंथात सुटसुटीत मांडलेला रोग खाटेवर किती निराळा दिसतो, हे विद्यार्थ्यास प्रथमच कळते. ग्रंथातील लक्षणे क्रमवार येतात. रुग्ण मात्र तापाआधी बुडालेल्या मजुरीचे, गावी ठेवलेल्या लेकरांचे आणि आधी घेऊन पाहिलेल्या औषधांचे सांगू लागतो. त्या कथनातून रोगाचा माग काढणे, पोटावर तळहात ठेवण्यापूर्वी तो ऊबदार करून घेणे, वेदनेची जागा सर्वांत शेवटी चाचपणे, आणि राऊंडला आलेल्या प्राध्यापकांसमोर हे सारे नेमकेपणाने मांडणे, यालाच केस घेणे म्हणतात. जे ऐकले नाही ते प्राध्यापकांच्या दुसऱ्याच प्रश्नाला उघडे पडते, आणि विद्यार्थी निमूटपणे पुन्हा त्या खाटेकडे वळतो.

साडेचार वर्षांच्या अभ्यासक्रमानंतर एक वर्षाची आंतरवासिता येते. रात्रपाळीतील रक्ताचे नमुने, सलाईन, केसपेपर आणि भेदरलेले नातेवाईक यांतून विद्यार्थी जबाबदारीस सरावतो. संकटकाळी या संस्थेची कसोटी लागते, हे इतिहासानेही दाखवले आहे: १८९६ साली मुंबईत प्लेग उसळला तेव्हा वाल्डेमार हाफकिन यांनी याच महाविद्यालयातील एका लहानशा प्रयोगशाळेत लस सिद्ध केली, आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली.

विद्यार्थी फी भरतो आणि सरकार खर्च सोसते, हे खरे. तथापि या शिक्षणाचे खरे मोल देहदान करणारा मृत आणि आपले दुखणे अननुभवी हातांपुढे उघडे करणारा गरीब रुग्ण हे दोघे देतात. त्यांचे ऋण त्यांना परत करता येत नाही. ते पुढे येणाऱ्या रुग्णांची सेवा करूनच फेडावे लागते. भाऊ दाजींनी गरिबांवर विनामूल्य उपचार करून ते फेडले, आणि या आवारातून पदवी घेऊन निघणाऱ्या प्रत्येकाकडे हीच मागणी करण्याचा समाजास पूर्ण अधिकार आहे.